एका म्हशीचे पूर्वज

आमच्या शाळेतल्या इंग्रज बाईंनी घराण्याचा इतिहास लिहायची पद्धत फळ्यावर समजावून दिली होती. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहायचं. मग आईवडिलांचं. मग एकेक पिढी मागे जायचं. जिथे माहिती संपेल तिथे थांबायचं आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं. काहीच कळलं नाही तर जागा कोरी सोडायची, त्यात लाज वाटून घ्यायची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीचा अभ्यास होता तो.

माझ्या थोरल्या काकांची पद्धत उलटी होती. त्यांनी सूर्यापासून सुरुवात केली.

मी तेव्हा सिकंदराबादला मिशनच्या शाळेत शिकत होते आणि तिथल्याच बोर्डिंगात राहत होते. वडील जालन्याला वकील. कचेरीत त्यांची उर्दू अशी चालायची की मुसलमान पक्षकारही त्यांच्याकडे येत. मात्र थोरला भाऊ समोर आला की त्यांना कोणतीच भाषा येत नसे. त्यांना मुलगा असता तर इंग्रजी शाळेत तोच गेला असता. तो नव्हता, म्हणून मी गेले. मॅट्रिकला एक वर्ष राहिलं होतं.

काका धावड्याजवळच्या आमच्या गावी असत. गावचे माली पाटील. सरकारचा सारा गोळा करायचा आणि सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्याला वैरण घालायची, एवढंच त्यांचं काम. पण ते असे चालत, की हैद्राबादचं राज्य त्यांच्याच खांद्यावर तोललेलं आहे. त्या वैशाखात ते जालन्याला आले ते माझ्यासाठी स्थळ घेऊनच.

घर भोकरदनकडचं, मोठ्या जमिनीचं. मुलगा घोड्यावर चांगला बसतो, हा एकच गुण सगळ्यांनी सांगितला, आणि तोही घोड्याचाच असावा अशी मला शंका होती. त्या घरात गोशा कडक. बायका अंगणातसुद्धा यायच्या नाहीत. गावाबाहेर जायचं तर पडदे सोडलेल्या बैलांच्या दमणीत बसून. मुलीनं येताना पुस्तकं आणू नयेत असा निरोप आधीच आला होता, जणू काही पुस्तकांत ढेकूण असतात. लग्न ज्येष्ठातच उरकायचं होतं, म्हणजे शाळा उघडायच्या आत.

मला एवढंच हवं होतं की हा ज्येष्ठ कोरडा जावा. एकदा आषाढ लागला की दिवाळीनंतरच्या तुळशीच्या लग्नापर्यंत कुणी मुहूर्त काढत नाही, आणि तोवर मी सिकंदराबादला असते. पण हे कुणाला सांगणार? मला बोलता येत नसे. इंग्रजीत येत नसे आणि मराठीतही येत नसे. घरात त्याचं कौतुक होतं. "पोरगी बोलत न्हाई, बिलकुल गुणाची हाय," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्या मोठ्या घराची अट एकच होती. तुमची कुळी दाखवा.

काका आले तेव्हा मी आत्याबाईंच्या शेजारी बसून लिहीत होते. आत्याबाई म्हणजे वडिलांची आत्या. लहानपणी विधवा होऊन माहेरी आल्या आणि मग जो भाऊ, जो भाचा ठेवील त्याच्याकडे राहिल्या. म्हातारी माणसं खरं सांगतात असा बाईंचा समज होता. आत्याबाई दर वेळी वेगळं सांगत. पणजोबांना कधी त्या वाघ मारायला लावत, कधी वाघाकडून मारवून घेत. मी दोन्ही लिहिलं.

"आपण मूळचे कुठले?" मी विचारलं.

"कुठले म्हंजे? पोटामागं आलो. दुष्काळ पडला, जिथं वैरण दिसली तिथं बैल थांबले. बैलांना इचार."

"आणि आपलं देवक?"

"रुई. आणखी काय असणार?"

देवक म्हणजे लग्नाआधी मांडवात बसवून पुजायची घराण्याची खूण. कुणाचं कळंब असतं, कुणाचं जांभूळ, कुणाचं एखाद्या पाखराचं पीस. ज्यांचं कूळ एक आणि देवक एक, ते एकमेकांचे भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमची रुई. गावाबाहेर उकिरड्यावर आपोआप उगवते, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

काकांनी दारात उभं राहून हे ऐकलं. त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या फेट्यावरच रुई उगवली.

"हे काय लिहून राह्यली, पोरी?"

वडिलांनी माझ्या वतीनं सांगितलं, "शाळेचा अभ्यास. घराण्याचा इतिहास."

काकांच्या डोळ्यांत जे तेज आलं ते मी नंतर बऱ्याच लोकांच्या डोळ्यांत पाहिलं. आपलं खोटं दुसऱ्याच्या सुंदर अक्षरात दिसणार, या आनंदाचं तेज असतं ते.

"वा! बराबर येळेवर. अक्षर तुझं, इतिहास माझा. पन रुई-बिई काढ त्येच्यातून. आत्याबाईचं डोकं चळलं आता."

"माझं डोकं चळलं तर तुझं लगीन झालं तवा मांडवात काय बशिवलं व्हतं, गुलाब का?" आत्याबाई म्हणाल्या.

काकांना ऐकू आलं नाही. हव्या त्या वेळी बहिरं होता येणं हा आमच्या घराण्याचा एकमेव सिद्ध झालेला वारसा आहे.

मग मला बघायला त्या घरच्या बायका आल्या. पडद्याच्या दमणीतून उतरून पडद्यामागच्या खोलीत आल्या आणि घामाने भिजलेले शालू सावरत बसल्या. मला खाली मान घालून बसायला सांगितलं होतं. खाली मान घालून बसवलेल्या मुलीला जमिनीवरचं सगळं दिसतं, हे बघायला येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कुणाच्या पायाला भेग आहे, कुणाची जोडवी सैल आहे, कुणी चिवड्यातले शेंगदाणे वेचून घेतले, सगळं दिसतं.

खोलीत मोरपिसांचा एक पंखा होता, वडिलांना कुण्या पक्षकारानं दिलेला. आईने तो वारा घालायला आणला आणि घाईत सतरंजीच्या कडेला ठेवला. मुलाच्या चुलतीचा पाय त्याला लागला. तिने चटकन पाय मागे घेतला, पंखा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि उठून स्वतः कोनाड्यात नेऊन ठेवला. मग कानाच्या पाळ्यांना हात लावले. आई म्हणाली, "असू द्या, असू द्या," आणि आणखी लाडू वाढले. मोठ्या घरच्या बायका पंख्याचाही मान राखतात, असं तिला वाटलं असावं.

संध्याकाळी मी आत्याबाईंना विचारलं की एखादी बाई मोराच्या पिसाला नमस्कार का करील.

"तेंचं देवक असंल. मंग पायाखाली कसं येऊ देत्याल?"

माझ्या मनात आलं, काका हे त्यांना विचारत का नाहीत? पण काका विचारणार नव्हते. लहान घराने मोठ्या घराला कूळ विचारायचं नसतं, असा त्यांचा कायदा. मोठ्यांनी विचारायचं आणि लहानांनी खिसे उलटे करून दाखवायचे.

काकांचे खिसे रिकामे होते, म्हणून त्यांनी भाट आणला.

भाट घोडीवरून आला. डोळ्यांत सुरमा, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि आवाज असा की बोलता बोलता समोरच्याला आपण राजा असल्यासारखं वाटावं. जालन्याला येण्याआधी तो एक रात्र आमच्या गावी उतरला होता, न्हाव्याकडे. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याच घरच्या गोष्टी न्हाव्याच्या तोंडून भाटाच्या तोंडात जाऊन परत आल्या, आणि त्यांना ते दैवी ज्ञान वाटलं.

"सरकारच्या आजोबांच्या डाव्या हाताला सहावं बोट व्हतं," भाट म्हणाला.

"व्हतं! ऐका, वकीलसाहेब, व्हतं!" काका उडालेच.

हे साऱ्या गावाला माहीत होतं.

वडील खाली बघत पानाला चुना लावत होते. कचेरीत असा साक्षीदार समोर आला असता तर त्यांनी त्याला दोन प्रश्नांत झोपवला असता. इथे त्यांनी त्याला विडा करून दिला.

"वही न्हाई आनली?" काकांनी विचारलं.

"भाटाची वही गळ्यात असती, सरकार. कागदाला वाळवी लागती, गळ्याला लागत न्हाई."

मग त्याने गळा उघडला. मी लिहीत गेले. सूर्य. सूर्यानंतर काही राजे, ज्यांनी एकमेकांना जन्म देण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. मग उत्तरेकडची एक गढी. मग एक पूर्वज, ज्याने अंगावर नुसतं घोंगडं घेऊन वाघ मारला. मग एक, ज्याचं मुंडकं लढाईत उडालं, पण धड हातात तलवार घेऊन नदीपर्यंत लढत गेलं आणि नदीकाठी पाणी मागून पडलं. मुंडकं नसताना पाणी कशाने मागितलं, हे विचारावंसं वाटलं. बाईंनी सांगितलं होतं की शंका आली तर समासात खूण करा. मी खूण केली. पुढे एका बादशहाला रानात तहान लागली, आमच्या माणसाने त्याला पागोट्यात पाणी आणून दिलं आणि बादशहाने वतन दिलं. पागोट्यात पाणी राहत नाही. मी आणखी एक खूण केली. थोड्या वेळात समास भरला आणि मी खुणा करायचं सोडून दिलं.

"आणि देवक?" काकांनी आवाज उगाच सहज ठेवून विचारलं.

"रुई!" आतल्या दारातून आत्याबाई ओरडल्या.

"आत्याबाई, आत जावा तुमी!"

भाट जराही डगमगला नाही. "माय बराबर सांगून राह्यली, सरकार. रुई बी हाय. पन ती नंतरची. वनवासात मोर गावला न्हाई, म्हून रुईवर भागवलं. असल देवक मोराचं पीस."

माझी लेखणी थांबली.

काका भरल्या डोळ्यांनी छताकडे बघत होते, तिथे मोर असावा तसे. मोराचं पीस! उकिरड्यावरून एकदम मोरावर! मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काय गं, पोरी? लिहून राह्यली ना?"

मी मान हलवली. ती चुलती, ते कपाळाला लावलेलं पीस, कोनाडा, सगळं माझ्यासमोर होतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते फक्त लिहिते आहेस ना, आणि मी लिहीत होते. नवी ओळ घेतली, टाक दौतीत पुन्हा बुडवला आणि सगळ्या पानात ठळक दिसेल अशा अक्षरांत लिहिलं, 'देवक : मोराचे पीस.' एवढं सुंदर अक्षर मी शाळेच्या परीक्षेतसुद्धा काढलं नव्हतं.

"बघा," काका भाटाला म्हणाले, "पोरगी बोलत न्हाई, पन अक्षर बघा."

जाताना भाटाने फेटा घेतला आणि आमच्या गावच्या घरची एक दुभती म्हैस मागितली. काकूंच्या हातची, ताज्या वेताची. काकांनी दिली. इतक्या पूर्वजांच्या बदल्यात एक म्हैस, त्यांना सौदा स्वस्तात पडला असं वाटलं. तीच म्हैस सूर्यवंशातली एकमेव उपयोगी व्यक्ती होती, आणि ती गावाहून घोडीमागे दाव्याने बांधून गेली.

बैठक भोकरदनला ठरली, त्यांच्या एका नातेवाइकाकडे. त्या दिवशी कुळी वाचायची, सुपारी फोडायची आणि तारीख धरायची. आई आणि मी आतल्या खोलीत बसलो. दाराला पडदा होता. पलीकडे पंच मंडळी, तंबाखूचा वास, आणि मधूनमधून खाकरणं.

वडिलांनी वाचायला सुरुवात केली. ते चांगलं वाचतात. सूर्य झाला, राजे झाले, गढी झाली. घोंगडं घेऊन वाघ मारणारा आला, तेव्हा पलीकडे कुणीतरी हुंकार दिला. मला आधी वाटलं कौतुकाचा आहे.

"मंग," मुलाचा म्हातारा चुलत-आजा म्हणाला, "मंग त्येचं मुंडकं उडालं. त्येच्या लेकाचं."

वडील थांबले. "हो. पुढे तेच आहे."

"अन् धड नदीपोत्तर लढलं."

"हो."

"अन् पानी मागितलं."

बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

"वाचा, वाचा, वकीलसाहेब," म्हातारा म्हणाला, "मी पुढचं सांगतो, तुमी जुळवून बघा. बादशहाला तहान लागली, बराबर? पागोट्यात पानी आनलं, बराबर?"

"बरोबर," वडील म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कचेरीतला झाला होता. त्यांना काय झालंय ते कळलं होतं.

काकांना कळलं नव्हतं. त्यांना वाटलं आपली कीर्ती भोकरदनपर्यंत पोचलेली आहे. "बघा म्हन्लं न्हवतं? सगळ्या तालुक्याला ठावं हाय!"

"देवक वाचा," मुलाचा बाप म्हणाला.

वडिलांनी वाचलं. माझ्या अक्षरात अडखळायला जागाच नव्हती.

पलीकडे सगळे एकदम बोलायला लागले. एक आवाज वर आला, "आवं, हे तर भाऊबंद निघाले! भाऊ-भैनीचं लगीन लावता का?"

"काहीतरी घोटाळा... भाटाची चूक झाली आसंल," काका म्हणाले.

"कोन्त्या भाटाची?" मुलाच्या बापाचा आवाज बारीक झाला. "घोडीवाला? सुरमा घालनारा?"

काका नुसते खाकरले.

"तेनं औंदा आमच्याकडून बैलजोडी नेली. तेची चूक म्हन्ता? म्हंजे आमचं बी चूक?"

इथे ती बैठक अडकली आणि शेवटपर्यंत अडकूनच राहिली. आमचं खोटं म्हणावं तर त्यांचंही खोटं. त्यांचं खरं म्हणावं तर आमचंही खरं, आणि मग मुलगा माझा भाऊ. दोन्ही घरांनी आपापली रुई कुठे ना कुठे पुरून ठेवली होती, आणि कुणालाही ती सगळ्यांसमोर उकरायची नव्हती. सुपारी तबकात होती तशीच राहिली. शेवटी मुलाचा बाप उठला, आणि पंचांच्या देखत त्याने काकांना मिठी मारली.

"मंग पाटील, आपण भाऊ झालो की!"

पडद्याच्या फटीतून मला काकांची पाठ दिसत होती. आवडीने पाळलेला बोकड मांडवात नेल्यावर जसा उभा राहतो, तशी ती पाठ उभी होती.

परत येताना गाडीत वडील हळूच म्हणाले, "दोन्ही बाजूंचा साक्षीदार एकच." एवढंच. थोरल्या भावाच्या विरोधात त्यांनी काढलेलं ते पहिलं वाक्य असावं, आणि तेही बैलाकडे बघून काढलं.

काका असल्या गोष्टीने खचत नाहीत. आठ दिवसांत ते जालन्याला दुसरं स्थळ घेऊन आले. बीजवर होता, पण देवक त्यांनी आधी विचारून घेतलं होतं. जेवायला बसले होते, मुहूर्ताचं बोलणं चाललं होतं, आणि दारात भोकरदनकडचा माणूस उभा राहिला. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच सांगावा दिला. मुलाच्या बापाची म्हातारी चुलती काल वारली होती.

"मालकानं सांगितलंय, भाऊबंद हाईत. सुतक पाळा."

काकांचा घास हातात राहिला. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की मोर गेला, वाघ गेला, सूर्य गेला, आणि म्हैस तर गेलीच होती. त्यांनी घास ताटात ठेवला आणि हात धुतले. दहाव्याला ते स्वतः भोकरदनला गेले आणि कधी न पाहिलेल्या बाईसाठी डोकं करून आणि मिशा काढून आले. आत्याबाईंनी त्यांना दारातच पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या. सुतकात लग्नाची बोलणी होत नाहीत. सुतक फिटलं तेव्हा ज्येष्ठाचे मुहूर्त संपत आले होते. बीजवराला थांबायला वेळ नव्हता, त्याने दुसरीकडे जमवलं.

शाळा उघडायची वेळ झाली तशी काकाच मला जालना स्टेशनवर पोचवायला आले, वडिलांना कचेरी होती म्हणून. फलाटावर त्यांच्या ओळखीचे एक मुसलमान कापूसवाले व्यापारी भेटले. त्यांनी काकांचं तुळतुळीत डोकं आणि उघडा वरचा ओठ पाहिला आणि छातीवर हात ठेवला.

"अरे पटेल साब! कौन गुजर गया?"

"चुलती," काका म्हणाले.

"बीमार थीं?"

मला वाटलं आता तरी हा माणूस ओशाळेल. पण काकांनी उपरण्याने डोळे टिपले. "बहोत दिन से. बडी माया थी उसकी हमपे. लहानपनी उसके हाथ का धपाटा खाये बगैर हम झोपते नहीं थे."

त्यांचे डोळे खरोखर ओले होते. व्यापाऱ्याने त्यांचा हात हातात घेतला. गाडी सुटायची घंटा झाली, तेव्हा काका म्हातारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचले होते, आणि शेवटी तिने त्यांचंच नाव घेतलं होतं.

बायकांच्या डब्याच्या खिडकीत मी खाली मान घालून बसले होते.

"बघा," डोळे पुसत काका त्याला म्हणाले, "पोरीला बी किती लागलंय. एक शब्द बोलत न्हाई."